झीलकरी नसलेला शाहीर



स्मृतिव्याख्यानासाठी ‘स्वतंत्र रॅपर आणि निषेधाचे गाणे’ असा विषय ठेवणाऱ्या संयोजकांचे आभार मानायचे की त्यांच्या धाडसाचे कौतुक करायचे, हे तुम्ही शेवटी ठरवा. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून या शहराला दुसऱ्याचे म्हणणे तासभर बसून ऐकण्याची सवय आहे. निदान तसा आपला लौकिक आहे. आज ज्याच्याविषयी बोलायचे आहे त्याला कुणी तासभर ऐकत नाही. त्याच्या वाट्याला फार तर तीन मिनिटे येतात, तीही दुसऱ्याच्या मोबाइलवर. त्याच्यामागे कंपनी नाही, पक्ष नाही, संस्था नाही, आणि तरीही तो सत्तेवर बोलतो. माझा प्रश्न साधा आहे. हा माणूस गातो तेव्हा त्याच्यामागे कोण उभे असते? पोलिसांची नोटीस हा त्याच्यापुढचा सर्वांत मोठा धोका आहे, असे आपण समजतो. धोका खरा आहे, पण मला तो दुसऱ्या क्रमांकाचा वाटतो. पहिला धोका हा की या शाहिराला झीलकरी नाहीत. आज मी एवढेच मांडणार आहे. बाकी सारे त्याच्या पुष्ट्यर्थ.

आधी घटना आठवूया. मार्च २०२३ अखेर छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगसे या तरुणाचा रॅप महाराष्ट्रभर फिरला. त्यात खोक्यांचा उल्लेख होता आणि सत्तांतराची टिंगल होती. नाव मात्र कुणाचेच नव्हते. शिंदे गटाच्या युवासेनेच्या एका पदाधिकाऱ्याच्या तक्रारीवरून अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. गाणारा संभाजीनगरचा, तक्रार सुमारे तीनशे किलोमीटरवर. नाव न घेताच टोपी नेमकी कुणाच्या डोक्यावर बसली, हे तक्रारीनेच जाहीर केले, हा त्यातला विनोद. पाठोपाठ मुंबईत उमेश खाडे या रॅपरवर ‘भोंगळी केली जनता’ या गाण्यासाठी वडाळ्यात गुन्हा नोंदला गेला आणि त्याला चौकशीला बोलावले. आणि पुण्यात काय चालले होते? त्याच वर्षी एप्रिलमध्ये विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत चित्रित झालेल्या एका रॅप व्हिडिओवरून गदारोळ उठला होता. त्यात टेबलावर दारूची बाटली होती, शस्त्रे होती, शिव्या होत्या. त्या व्हिडिओत राजकारण शोधूनही सापडले नसते. पण ‘रॅप’ म्हटले की पुण्याच्या मध्यमवर्गाच्या डोळ्यांपुढे ती बाटली उभी राहिली, आणि संभाजीनगर-वडाळ्याच्या गाण्यांत काय म्हटले आहे हे ऐकण्याची गरजच उरली नाही. निषेधाचे गाणे दडपायला दरवेळी पोलीस लागतात असे नाही. ऐकणाऱ्याने नाक मुरडले तरी काम भागते.

आता झीलकऱ्याविषयी. पोवाडा कसा उभा राहतो ते पाहा. पुढे शाहीर, हातात डफ. मागे तुणतुणे, टाळ आणि झील ओढणारे दोघे-तिघे. शाहीर चौक सांगत सांगत टोकाला नेतो, शेवटचा शब्द फेकतो आणि झीलकरी तो वरच्यावर झेलून ‘जी जी’ करत लांबवतात. आपण याला साथ म्हणतो, पण हे साथीपेक्षा मोठे काम आहे. शाहिराला श्वास घ्यायला सवड मिळते, ही झाली सोय. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्याच क्षणी ओळीची मालकी बदलते. ती एकट्याची राहत नाही, फडाची होते, आणि समोरचा श्रोता झीलकऱ्याच्या सुरात सूर मिसळतो तेव्हा गावाची होते. झीलकरी म्हणजे शाहिराने सोबत आणलेला पहिला श्रोता, आणि तोच पहिला साक्षीदार. शाहीर घसरला, भलतेच बोलला, तर झीलकऱ्याच्या आवाजातला जोर सर्वांत आधी कमी होतो.

याशेजारी स्वतंत्र रॅपरचे काम ठेवा. तो इंटरनेटवरून तयार बीट घेतो. फुकट नाहीतर हजार-दोन हजार रुपये मोजून. तीच बीट आणखी पन्नास जणांनी घेतलेली असू शकते. भिंतीला गोधडी टांगून, पंखा बंद करून, स्वस्तातल्या माइकवर तो आपले बार, म्हणजे ओळी, रेकॉर्ड करतो. मग तेच गाणे पुन्हा लावतो आणि दुसऱ्या ट्रॅकवर, ओळी संपतात तिथे तिथे, आपल्याच आवाजात हुंकार भरतो, शेवटचा शब्द पुन्हा उच्चारतो, हाळी देतो. रॅपवाले याला ॲडलिब म्हणतात. नीट ऐकलेत तर ही झीलच आहे. फरक इतकाच की शाहीर आणि झीलकरी एकच आहेत. मागे चार जण उभे असल्याचा भास आवाजात निर्माण करावा लागतो, कारण मागे कुणी नाही. या कलाप्रकाराचे बळ आणि त्याची अगतिकता, दोन्ही त्या दुसऱ्या ट्रॅकवर ऐकू येतात. खोलीचे भाडे भरले की गाणे तयार. कुणाची परवानगी नको, कुणाची वर्गणी नको. आणि गाणे अंगावर आले की सोसायलाही तो एकटाच.

आपल्याकडे निषेधाचे गाणे कधी असे एकटे होते का? १८६९ मध्ये महात्मा फुल्यांनी शिवाजीराजांचा पोवाडा लिहिला, १८७३ मध्ये याच शहरात सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि पुढे ओतूरच्या भीमराव महामुनींसारख्यांनी सत्यशोधक जलसे उभे केले. जलसा गावात शिरायचा तो समाजाच्या माणसांच्या आधाराने. मुक्कामाची, भाकरीची आणि प्रसंगी मार खायची व्यवस्था तेच करायचे. आंबेडकरी जलशांचे तेच. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढले, त्यामागे गिरणी कामगारांची संघटना आणि कम्युनिस्ट पक्ष होता. तमाशावर सरकारी बंदी आली तेव्हा तोच ऐवज लोकनाट्य म्हणून उभा राहिला. एकट्या माणसाला असे रूप पालटून परत उभे राहणे जमत नाही. त्याला पथक लागते. आणि पुण्याचे मेळे? गणेशोत्सवातल्या मेळ्यांनी इंग्रज सरकारला हैराण केले, हे आपण अभिमानाने सांगतो. १९२० च्या दशकात जेधे-जवळकरांच्या छत्रपती मेळ्याने पुण्याच्या ब्राह्मण पुढारीपणालाच भर रस्त्यात हैराण केले, हे आपण जरा हळू आवाजात सांगतो. जवळकरांच्या १९२५ च्या ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले तेव्हा आरोपी सुटले. लिहिणाऱ्याच्या मागे छापणारा होता, छापणाऱ्याच्या मागे चळवळ होती आणि चळवळीकडे बाबासाहेबांसारखा वकील होता. झील कोर्टापर्यंत पोचली होती.

इथे पहिला आक्षेप येणार. शाहिरीशी तुलना करून तुम्ही या शिवराळ, अमेरिकेहून आलेल्या बडबडीला उगाच वजन देता. परदेशीपणाचा मुद्दा मी लवकर उरकतो. ज्या शहराने पेटीला संगीत नाटकात मानाची जागा दिली, त्याने वाद्याचे कूळ विचारू नये. शिवराळपणाचा मुद्दा थोडा जड आहे. छत्रपती मेळ्याची पदे काय सोवळी होती? त्यांच्यावर अश्लीलतेचा आरोप झाला होता, आणि समोरचे मेळेही काही कमी नव्हते. दुबळा माणूस बोलू लागतो तेव्हा त्याच्याजवळ पहिली धार शिवीचीच असते. मात्र तो एवढ्यावरच थांबला तर गाणे फसते, हेही खरे. शिवीने राग मोकळा होतो आणि सत्तेला काही द्यावे लागत नाही. राजकीय म्हणवणाऱ्या अनेक रॅपगाण्यांची गत हीच आहे. त्यांत ‘सिस्टिम’ नावाचा एक बिनचेहऱ्याचा राक्षस असतो, त्याला चार शिव्या आणि शेवटी स्वतःचीच बढाई. पाणी कुणी अडवले, वस्ती कोणत्या कागदाने हलवली, भरती परीक्षेचा निकाल कुणाच्या टेबलावर अडला, यातले काही नाही. तपशील यायला विचारणारे कुणी लागते. पथकात ते विचारणारे सहकारी असतात. गोधडी टांगलेल्या खोलीत कोण विचारणार?

दुसरा आक्षेप तरुण श्रोत्यांकडून येईल. फडाची गरज काय? लाखो लोक पाहतात, शेअर करतात, तेच झीलकरी. या आक्षेपाला पुण्यातूनच उत्तर मिळते. पुणे स्टेशनजवळच्या ताडीवाला रोडवर वाढलेला एमसी स्टॅन फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘बिग बॉस’ जिंकला, ते मोबाइलवरच्या मतांच्या जोरावर. त्याचे गाणे निषेधाचे म्हणता येणार नाही आणि तसा त्याचा दावाही नाही, पण वस्ती त्यात आहे. २०२० च्या त्याच्या अल्बमला त्याने ‘तडीपार’ हे नाव दिले. पोलीस कायद्यातला हा शब्द या सभागृहातल्या अनेकांना वाचून माहीत आहे. वस्तीतल्या मुलांना तो ओळखीच्या माणसांमुळे माहीत असतो. तर लाखोंची संख्या जमते, याबद्दल वाद नाही. पण संख्या काय करते? ती माणसाला वर नेते, पैसा देते, टीव्हीवर बसवते. पोलीस ठाण्याच्या बाकावर मात्र ती शेजारी येऊन बसत नाही. व्हिडिओ पाहणाऱ्याने काहीही पणाला लावलेले नसते. अंगठा दाबून पुढे सरकलेला माणूस गाण्याचा साक्षीदार होत नाही. शिवाय ज्या मंचावर ही संख्या मोजली जाते तो मंच कुणाच्या मालकीचा? एका तक्रारीवर गाणे दिसेनासे होऊ शकते, आणि गावातल्या चावडीसारखे तिथे जाब विचारायला कुणी सापडत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप तिसरा आहे आणि तो पुण्याच्या उंबरठ्यावरचा आहे. कबीर कला मंचाला तर फड होता ना? २००२ च्या गुजरात दंगलींनंतर पुण्यातल्या वस्त्यांमधून हा मंच उभा राहिला. डफ, हलगी, सामूहिक गाणे, जातीवर थेट बोलणे. मी वर्णन केलेला फड तो हाच. त्याचे काय झाले? २०११ मध्ये माओवादी संबंधांच्या आरोपावरून दहशतवादविरोधी पथकाने कारवाई केली. काही जण अटकेत गेले, काही भूमिगत झाले. २ एप्रिल २०१३ रोजी शीतल साठे आणि सचिन माळी मुंबईत विधान भवनासमोर येऊन उभे राहिले, आणि ही शरणागती नसून सत्याग्रह आहे असे त्यांनी सांगितले. पुढे एल्गार परिषदेच्या प्रकरणात २०२० मध्ये मंचाच्या तिघांना अटक झाली. तो खटला न्यायप्रविष्ट आहे, त्याच्या गुणदोषांवर मी बोलणार नाही. पण आक्षेप सरळ आहे: संघटना असली की संरक्षण मिळते म्हणता, इथे तर संघटनाच गुन्ह्याचा पुरावा ठरली. एकट्या मुंगसेवर नुसता गुन्हा दाखल झाला, मंचावर यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा लागला. मग एकटे असणेच शहाणपणाचे नाही का?

हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण तो अर्धा खरा आहे. फड असला की सत्तेची भीती वाढते आणि शिक्षाही मोठी होते. त्यामुळे फड म्हणजे चिलखत, असे मला म्हणायचेच नाही. पण अटकेनंतरचे पाहा. मंचाच्या बचावासाठी समिती उभी राहिली, तीत आनंद पटवर्धनांसारखे लोक होते. २०११ च्या त्यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये मंचाचे गाणे आधीच नोंदले गेले होते, त्यामुळे हे लोक गातात तरी काय, हे देशाला ऐकता आले. २०१३ च्या आरंभी मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती अभय ठिपसे यांनी मंचाच्या दोघांना जामीन देताना विचारांची जवळीक आणि बंदी असलेल्या संघटनेचे सक्रिय सदस्यत्व यांत फरक केला. जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी तिघांना जामीन दिला. वर्षे गेली, आयुष्ये खर्ची पडली. पण गाणे तगले, कारण ते इतरांच्या तोंडी होते. गाणारा आत असतानाही बाहेर ते म्हटले जात होते. एकट्या रॅपरच्या बाबतीत ही शक्यताच उरत नाही. त्याचे गाणे त्याच्याच आवाजाला, त्याच्याच ट्रॅकला, त्याच्याच खात्याला चिकटलेले असते. खाते बंद, गाणे बंद.

मग रॅपला झीलकरी मिळतच नाहीत का? मिळतात, आणि मिळाले की काय होते याची दोन उदाहरणे देतो. जुलै २०१५ अखेर चेन्नईच्या सोफिया अश्रफने कोडाईकनालच्या पारा-प्रदूषणावर रॅप केला. हिंदुस्थान युनिलिव्हरचा तिथला थर्मामीटरचा कारखाना २००१ मध्ये बंद झाला होता आणि आजारी कामगार तेव्हापासून झगडत होते, कोर्टातही गेले होते. गाणे लाखो लोकांनी पाहिले. मार्च २०१६ मध्ये कंपनीने ५९१ माजी कामगारांशी समझोता केला. गाण्याने समझोता झाला, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पंधरा वर्षांची लढाई कामगारांची होती. पण त्या लढाईने गाण्याला तपशील दिला आणि गाण्याने लढाईला कान मिळवून दिले. दुसरे उदाहरण आपल्या घरातले. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या बहुभाषिक गटाने आरेतले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन वारल्यांच्या बंडाचे गाणे केले. त्यात एमसी मवालीची मराठी आहे आणि भोईरांचा आवाज आहे. आरेत राहणाऱ्या माणसाच्या आवाजाने अख्ख्या गाण्याची जात बदलते. त्या गाण्याने आरेतली झाडे वाचली का? नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये रातोरात तोड सुरू झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडे पडली. पण त्या रात्री आरेत धावून आलेल्यांच्या हातात नुसता हॅशटॅग नव्हता. त्यांच्या तोंडी एक गाणेही होते, आणि ते कुण्या एकाचे नव्हते.

आता राहिला तो झीलकरी, जो न बोलावता येतो. एप्रिल २०२३ मध्ये मुंगसेच्या बाजूने विरोधी पक्षांचे नेते भराभर पुढे आले. ते यायला हवेच होते. नागरिकावर अन्याय होतो तेव्हा विरोधी पक्ष गप्प बसणे वाईटच. पण खोक्यांची घोषणा मुळात कुठली? ऑगस्ट २०२२ च्या पावसाळी अधिवेशनात विधान भवनाच्या पायऱ्यांवर ती गाजली होती. म्हणजे घोषणा आधी पक्षाची, मग रॅपरची. याबाबत माझे मत जरा कडक आहे. शाहिराने घोषणा घडवावी आणि पक्षांनी ती उचलावी, हा क्रम चांगला. उलटा झाला की गाण्यावर पक्षाचा शिक्का बसतो, आणि सत्ता बदलली की गाणे शिळे होते. दोष त्या तरुणाचा म्हणावा तर तो एकटा होता. हवेत जे तयार होते ते त्याने घेतले. ‘हा तर विरोधकांचा भोंगा’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच की तुम्ही त्याच्यामागे उभे राहिला नाहीत, म्हणून ती जागा पक्षांनी भरली. आणि आज पाठ थोपटणारे उद्या सत्तेत गेले, की याच पोराच्या पुढच्या गाण्याला किती जण झील ओढतील?

कायद्याचे मी शेवटी ठेवले, कारण त्यातही मुद्दा श्रोत्याचाच निघतो. नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी १९४६ मध्ये एक कसोटी घालून दिली. शब्दांचा परिणाम मोजायचा तो खंबीर, समंजस माणसाच्या मनावर. प्रत्येक वाक्यात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनावर नव्हे. २८ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांच्या पीठाने, खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा एका कवितेपायी नोंदलेला गुन्हा रद्द केला, तेव्हा याच कसोटीला उजाळा दिला. तीन ते सात वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत, बोलण्या-लिहिण्याचा प्रश्न असेल तर, नव्या फौजदारी संहितेप्रमाणे आधी प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, असेही सांगितले. दोन वर्षे आधी हे स्पष्ट असते तर अंबरनाथच्या तक्रारीचे काय झाले असते, याचा अंदाज तुम्हीच करा. पण कायदा ज्या खंबीर श्रोत्याला गृहीत धरतो तो असतो कुठे? पोलीस ठाण्यात तक्रार घेऊन जाणारा नेहमी डळमळीत मनाचाच असतो. खंबीर मनाचा माणूस गाणे ऐकतो, पटले नाही तर खांदे उडवतो आणि घरी जातो. त्याची नोंद कुठल्याच दप्तरात होत नाही.

ती नोंद व्हायची तर गाणे खोलीतून सभागृहात यावे लागेल, समोर माणसे बसवून म्हणावे लागेल. इथे एक गमतीदार अडचण आहे. पोलीस अधिनियमाच्या ३३ व्या कलमाखालच्या नियमांनी नाटक-तमाशाच्या संहितेला राज्यात पूर्वपरिनिरीक्षण लागते. २०१६ मध्ये अमोल पालेकर त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते. १८७६ चा इंग्रजी नाट्यप्रयोग कायदा, ज्याच्या जोरावर ‘कीचकवध’ बंद पाडले गेले, तो अखेर रद्द झाला. परिनिरीक्षण मंडळ मात्र राहिले. रॅपर रंगात आला की फ्रीस्टाइल करतो: समोरचा चेहरा, सकाळची बातमी, कुणीतरी फेकलेला शब्द घेऊन जागच्या जागी बार रचतो. त्याची संहिता आगाऊ कशी दाखल करणार? पुणे महापालिकेचे एक सभागृह अण्णा भाऊ साठे यांच्या नावाचे आहे. तिथे वस्तीतल्या चार रॅपरांचा, हलगीवाल्यासह, तिकीट लावून कार्यक्रम करायचे उद्या कुणी ठरवले, तर तो नाटकात धरायचा, तमाशात की मेळ्यात, याचे उत्तर अर्ज घेणाऱ्या कारकुनालाही देता येईल असे वाटत नाही. माझी या व्यासपीठाच्या संयोजकांना विनंती आहे की तो अर्ज त्यांनी करावा, आणि पुढच्या वर्षी या खुर्चीवर वक्त्याऐवजी माइकमागे त्यांपैकी कुणाला तरी उभे करावे. तिकिटाचे पैसे मी आजच देऊन ठेवतो.